भुशाच्या पेटीतल्या पेरूच्या वाट्या

आम्ही राहाता तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या बचत गटाच्या बाया. गटात अकरा जणी आहोत, पण इथं माइकपुढं तिघीच मावलो. बाकीच्या काचेपलीकडं बसून हातवारे करतायत, तेव्हा मधेच आमचं बोलणं अडखळलं तर समजून घ्या.

मागच्या खेपेला रेडिओवरच्या ताईंनी विचारलं, गटात सध्या काय चाललंय? आम्ही म्हटलं, पेरू शिजवतोय. त्या हसायलाच लागल्या. पेरू कुणी शिजवतं का? मीठ-तिखट लावून कचाकचा खायचं फळ ते. पण आम्ही शिजवतोय, आणि तेही चूल विझवून. आज तेच सांगायला आलोय.

राहाता म्हटलं की पेरू. शिर्डीला आलेली माणसं नगर-मनमाड रस्त्यावर गाडी थांबवून टोपलीतले पेरू घेतात, ते आमच्याच भागातले. आमच्या वस्तीवर बहुतेक बागा सरदार जातीच्या. तिलाच लखनौ-४९ म्हणतात. नाव लखनौचं, पण ही जात निवडली पुण्याच्या गणेशखिंड बागेत, १९२७ साली. एका शिबिरात हे ऐकलं तेव्हा आम्हाला फार बरं वाटलं. इतकी वर्षं आपल्याच लेकीला परकी समजत होतो.

मृग बहाराचा माल थंडीत येतो. पहाटे तोडणी, मग निवडायला आम्ही बाया. चांगला माल क्रेटमध्ये जातो. उरतो तो बाद माल. दबलेला, जास्त पिकलेला, पोपटानं टोचलेला, नाहीतर नुसता वेडावाकडा. व्यापारी त्याला हात लावत नाही. थोडा घरात खाल्ला जातो, थोडा गुरांपुढं जातो, बाकीचा बांधावर कुजतो. त्या वासानं माशा येतात आणि त्याच फळमाश्या पुन्हा झाडावरच्या फळात अंडी घालतात. म्हणजे बाद माल टाकून दिला तरी तो बागेला पिडतोच.

पण आम्ही शिजवायला लागलो ते बाद मालासाठी नाही, खरं सांगायचं तर. आमच्यातल्या एकीच्या सासूबाई आहेत. तिच्या आत्याबाई, म्हणून आता आम्हा सगळ्यांच्याच आत्याबाई. पंचाहत्तरी कधीच ओलांडली. बाग लावली तेव्हा खड्डे घ्यायला त्या स्वतः कुदळ घेऊन उभ्या होत्या. दात सगळे गेले, कवळी बसवली, आणि पेरू सुटला. ज्यांच्या घरात कवळी आहे त्यांना माहीत असेल, पेरूची एक बी कवळीखाली गेली की डोळ्यांत पाणी येतं. आत्याबाई निवडायला येऊन बसतात, एखादा पिवळाधमक पेरू हातात घेतात, नाकाला लावतात आणि क्रेटमध्ये ठेवून देतात. सहा वर्षं आम्ही हे बघत होतो. एक दिवस त्यांची सूनच म्हणाली, अगं, बी काढून शिजवला तर?

पहिला प्रयत्न गॅसवर केला. गर, गूळ, थोडं पाणी, आणि घोटत बसा. गुळाचा पाक दाट झाला की तळाला धरतो, म्हणून हलवणारीनं हलायचं नाही. आता आमच्याकडं एका जागी तासभर उभं राहायला कुणाला सवड आहे? त्या दिवशी पाण्याची पाळी होती. मोटर सुरू झाली, बारं द्यायला पळावं लागलं. दहा मिनिटांत परत आलो तर स्वयंपाकघर धुरानं भरलेलं आणि पातेलं काळं. ते पातेलं घासायला दोन दिवस लागले. पेरू-गूळ गेलं ते गेलं, पण घरातल्या माणसांची बोलणी खाल्ली ती जास्त लागली. ‘तुमचे गटाचे उद्योग’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेलच.

मग एकीच्या पुण्यातल्या भाचीनं घर बदलताना आपला जुना स्लो कुकर दिला. तुमच्यापैकी कुणी पाहिला नसेल तर सांगतो. बाहेरून पिंपासारखं भांडं, त्यात चिनीमातीचं जड पातेलं, वर काचेचं झाकण. विजेवर चालतो. आच अगदी मंद, पण पाच-सहा तास सलग. शिट्टी नाही, वाफेचा जोर नाही. सकाळी भरून ठेवा, कामाला जा, दुपारी आलं की तयार. वीज फार खात नाही. साधारण दोनशे वॅटचा असला तर सहा तासांत सव्वा युनिटच्या आसपास.

हे यंत्र निघालं त्याची गोष्ट आम्हाला भाचीनंच सांगितली. अमेरिकेतल्या अर्व्हिंग नॅक्सन नावाच्या माणसाला १९४० मध्ये त्याचं पेटंट मिळालं. त्याचं घराणं मूळचं लिथुआनियाकडचं, ज्यू धर्माचं. त्या लोकांत शनिवारी चूल पेटवायची नाही. म्हणून बायका शुक्रवारी संध्याकाळीच घेवडा आणि मांसाचं पातेलं भरून पावाच्या भट्टीवाल्याकडं ठेवायच्या. भट्टी रात्रभर निवत जायची आणि त्या निवत्या उबेवर कालवण शिजायचं. घरातली ही जुनी गोष्ट ऐकून त्याला कुकर सुचला. ऐकल्यावर आमच्यातल्या थोरल्या काकू लगेच म्हणाल्या, ‘मग हा आपला वैलच की!’

काकूंचं बरोबरच होतं. जुन्या मातीच्या चुलीला शेजारी वैल असायचा. चुलीतली धग आतल्या वाटेनं वैलाखाली जायची. चुलीवर भाकरी भाजायची, तोवर वैलावर डाळ नाहीतर दूध आपसूक रटरटत राहायचं. कुणी तिकडं बघायचंही नाही. गॅस आला, धूर गेला, डोळे वाचले, त्याबद्दल आमची काही तक्रार नाही. पण वैलही गेला, आणि प्रत्येक भांड्यापुढं बाईनं उभं राहायचं आलं.

स्लो कुकरमध्ये पेरूच्या वाट्या पहिल्याच खेपेला सुरेख झाल्या. दुसऱ्या खेपेला दोन तासांनी लाइट गेली ती संध्याकाळी आली. वस्तीवर राहणाऱ्यांना हे सांगायला नको. आतलं सगळं कोमट होऊन बसलं होतं. फेकून दिलं. तेव्हा ठरवलं, यंत्र चांगलं आहे, पण आपल्या लाइटीच्या जिवावर नाही चालायचं. मंद शिजवणं पाहिजे, लाइट नको.

उपाय घरातच होता. पातेल्याला एकदा चांगली उकळी आली की त्यातल्या पाण्याची उष्णता आणखी चढत नाही. तुम्ही खाली कितीही जाळ करा, जास्तीची वाफ होऊन उडून जाते. फळ मऊ व्हायला जाळ नको असतो, आतली उष्णता टिकायला हवी असते. म्हणून उकळतं पातेलं उचलून भुशात पुरायचं. विलायतेत युद्धाच्या काळात कोळशाची टंचाई झाली तेव्हा बायकांनी गवत भरलेल्या खोक्यात असाच स्वयंपाक केला होता.

आमची पेटी अशी आहे. फळांचं रिकामं लाकडी खोकं, आतून गोणपाट लावलेलं. तळाला गव्हाचा कोरडा भुसा वीतभर, दाबून. मधे पातेलं मावेल एवढा खळगा, आणि त्याच्या चारी बाजूंनी कमीत कमी चार बोटं भुसा. वर ठेवायला जुन्या गोधडीची उशी शिवली, तिच्यातही भुसाच भरला. ही उशी गच्च बसली पाहिजे, कारण ऊब वरून पळते. भाताकडच्या बायांनी पेंढा घ्यावा. भुसा ओला नको, आणि पातेल्याच्या बुडाला निखारा चिकटलेला नाही ना ते बघूनच आत ठेवा. चुलीवरून उतरवलं की ओल्या फडक्यानं बूड पुसायचं. पेटीत विस्तव कधी, कधी म्हणजे कधीच ठेवायचा नाही.

इथंही आमची एकदा फजिती झाली, तीही सांगतो, कारण तीच चूक सगळ्या जणी करतात. मोठ्या पातेल्यात तळाशी थोडेसेच पेरू घेतले, रात्री पेटीत ठेवले आणि झोपलो. सकाळी उघडलं तर बुडबुडे आणि आंबूस वास. अर्धं रिकामं पातेलं लवकर निवतं, आणि कोमट गोड रस रात्रभर ठेवला की तो आंबणारच. म्हणून दोन नेम केले. पातेलं वरपर्यंत भरलेलं पाहिजे, आणि चार तासांच्या वर पेटीत ठेवायचं नाही. बाहेर काढल्यावर हात ठेववत नाही इतकं गरम पाहिजे. ६० अंशांच्या खाली गेलेल्या अन्नात जंतू वाढायला लागतात, आणि आपल्याकडं मोजायला हातच आहे. नुसतं कोमट लागलं तर मोह धरू नका.

आता कृती सांगतो. लिहून घेणाऱ्यांनी पेन घ्या.

मध्यम पेरू दोन किलो, म्हणजे बारा-चौदा फळं. पिकलेले, पण दाबल्यावर बोट आत जाणार नाही असे. बाद मालातले चालतात, फक्त प्रत्येक फळ कापून बघायचं. आत अळी असली तर पूर्ण फळ बाजूला, नुसता भाग कापून उपयोग नाही. पोपटानं टोचलेलं गुरांना. दबलेला डाग तेवढा काढला तर चालतो.

साल अगदी पातळ काढा. फळाचे दोन भाग करून मधला बियांचा गर चमच्यानं कोरून घ्या. राहते ती वाटी. वाटीची भिंत जाड ठेवा, हावरेपणानं कोरलं तर शिजताना फाटते. कोरलेला गर टाकायचा नाही. तो दोन पेले पाण्यात दहा मिनिटं उकळा, निवला की बारीक चाळणीतून दाबून गाळा. बिया वर राहतात, खाली दाटसर रस उतरतो. सगळी चव त्या रसात आहे, आणि पेरूचा चिकटपणाही. पेक्टिन म्हणतात त्याला. जेली गोठते ती त्याच्यानंच.

गूळ पाव किलो ते चारशे ग्रॅम, पेरू किती गोड आहेत त्यावर. आधी थोड्या पाण्यात विरघळवून गाळा, गुळात काडी-खडा निघतोच. बोटाच्या पेराएवढा दालचिनीचा तुकडा, दोन लवंगा, चिमूटभर मीठ. एका लिंबाचा रस, पण तो शेवटी. आंबट आधी घातलं तर फळ मऊ व्हायला वेळ लावतं.

गूळ कधी घालायचा, यावर आमच्यात वाद होता. आता मिटलाय. पेरू जास्त पिकलेले असतील तर गूळ पहिल्यापासून घाला. गोड पाकात फळ आवळून राहतं, वाटी मोडत नाही. पेरू कडक असतील तर आधी नुसत्या रसात शिजवा, गूळ मागून. कडक पेरू पहिल्यापासून पाकात टाकले तर ते चामडं होतात.

स्टीलच्या, घट्ट झाकणाच्या पातेल्यात वाट्या रचा, रस आणि गूळपाणी ओता. वाट्या जेमतेम बुडाल्या पाहिजेत, पातेलं भरलेलं पाहिजे. वाट्यांपेक्षा पातेलं मोठं असेल तर लहान पातेलं घ्या. बिनकल्हईच्या पितळेत करू नका, कळकेल. झाकण ठेवून चांगली खळखळून उकळी आणा आणि मध्यम आचेवर दहा मिनिटं ठेवा. या दहा मिनिटांत मात्र जागचं हलायचं नाही. मग झाकण न उघडता उचला, बूड पुसा, पेटीत ठेवा, उशी दाबा. आता खुशाल रानात जा. साडेतीन-चार तासांनी काढा, पुन्हा एक उकळी आणा, लिंबू पिळा. पाक पातळ वाटला तर वाट्या अलगद काढून नुसता पाक उघड्यावर पाच-दहा मिनिटं आटवा. निवल्यावर तो आणखी दाटतो, म्हणून गरम असताना फार आटवू नका.

ज्यांच्याकडं विजेचा कुकर आहे आणि लाइटीचा भरवसा आहे, त्यांनी मंद खुणेवर पाच-सहा तास ठेवावं. रस थोडा कमी घ्या, कारण त्यात वाफ बाहेर जात नाही. सारखं झाकण उघडून बघू नका, प्रत्येक वेळी ऊब जाते. आणि तापलेल्या चिनीमातीत गार पाणी ओतू नका, तडकेल.

कुणीतरी विचारणारच, साध्या कुकरला दोन शिट्ट्या काढल्या तर? काढून बघितल्या. वाट्यांचा लगदा झाला, आणि गुळाचा फेस शिट्टीत शिरला तो वेगळाच. लगदा हवा असेल तर पोळीत भरायला बरा आहे, एवढंच.

गरम दूध यावर ओतू नका, फाटतं. खायचंच असेल तर वाट्या पूर्ण गार करून वर गार साय घ्या. थंडीत घरात एक दिवस टिकतं, फ्रिजमध्ये चार दिवस.

आणखी एक, ज्यांच्या घरात शाळेच्या मुली आहेत त्यांच्यासाठी. पेरूत क जीवनसत्त्व संत्र्यापेक्षाही कितीतरी जास्त असतं, आणि ते जेवणातलं लोह अंगी लागायला मदत करतं. शिजवल्यावर त्यातलं बरंच जातं. तेव्हा ज्यांना दात आहेत त्यांनी कच्चाच खावा, भाकरी-पालेभाजीच्या जेवणासोबत. चांगल्या दाताच्या पोरांना वाट्या करून द्यायचे लाड नकोत. आणि मधुमेह असलेल्यांनी गूळ म्हणजे साखर नव्हे असं मनाला समजावू नये. साखरच आहे ती.

विकायला का करत नाही, असं बरेच जण विचारतात. अजून नाही. दर वेळी एकसारखं होईल आणि चार दिवस टिकेलच याची खात्री आम्हाला आल्याशिवाय दुसऱ्याच्या लेकराच्या तोंडात घालायचं नाही असं गटात ठरलंय. त्यावर आमच्यात अजून भांडण आहे. काचेपलीकडून आत्ताही कुणीतरी मान हलवतंय.

आत्याबाईंचं सांगायचं राहिलं. पेटीतली पहिली चांगली झालेली वाटी त्यांना नेऊन दिली. आम्ही पाच-सहा जणी समोर उभ्या. त्यांनी कवळी काढून ठेवली, म्हणाल्या, तिची गरज दिसत नाही. चमच्यानं तुकडा मोडला, तोंडात घेतला, डोळे मिटले. आम्ही वाट बघतोय. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, ‘कुठल्या झाडाचा गं?’ सून म्हणाली, विहिरीकडच्या ओळीतला. ‘तरीच,’ म्हणाल्या. ‘ते झाड पहिल्यापासून गोड.’ मग दुसरी वाटी मागितली, आणि ती खाताना म्हणाल्या, लवंग कशाला घातली, पेरूचा वास मारते.

तेव्हा लवंग घालायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. आमच्याकडं आता दोन पातेली होतात, एक लवंगेचं, एक आत्याबाईंचं. दुसऱ्या पेटीसाठी खोकं मिळालंय, भुसा भरायचा राहिलाय. ज्यांना पेटी बघायची असेल त्यांनी गटाच्या बैठकीच्या दिवशी वस्तीवर या. येताना एक घट्ट झाकणाचं पातेलं घेऊन या, पेरू आम्ही देऊ. नमस्कार.